मानशीवर गरी टाकायला दांडीमागे दोनशे रुपये? हे कुठल्या कायद्यात बसतं?

पर्वरीचा_गरीवाला
नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. मी पर्वरीला राहतो, मूळ घर डिचोलीकडचं. बाबांनी सत्तरी ओलांडली, गुडघे कुरकुरतात, पण रविवारी पहाटे गरी घेऊन बाहेर पडल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. गेली वीसेक वर्षं आम्ही तिसवाडीतल्या एका मानशीवर, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारापाशी, जातो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, लिहिलं की पुढच्या रविवारी तिथे अजून पन्नास जण हजर. पूर्वी तिथे असायचं कोण, तर आम्ही दोघं, पाव वाटून झाल्यावर अर्धा तास गरी टाकून बसणारा एक पोदेर आणि बगळे. आता सहा वाजता गेलो तरी बांधावर पंधरा-वीस दुचाक्या, दोन रेंट-अ-कार, कोणी ब्लूटूथ स्पीकर लावलाय, कोणाची दोरी कोणाच्या दोरीत अडकलीय.

तर गेल्या रविवारी एक पोरगा आला, विशी-बाविशीचा, म्हणाला दांडीमागे दोनशे आणि स्कूटरचे पन्नास. आमच्या दोन दांड्या, म्हणजे साडेचारशे. मी म्हटलं पावती दे. तो हसला, "काका, हांगा रिसीट-बिसीट कांय ना." बाबा एवढे चिडले की गरीला सुंगट (कोळंबी) लावता लावता काटा बोटात घुसवून घेतला. शेवटी मी पैसे दिले, कारण तिथे वाद घालत बसलो असतो तर सुकती (ओहोटी) निघून गेली असती. मिळालं काय, तर एक तळहाताएवढं काळुंदर आणि दोन तिलापी. तेवढ्या पैशात बाजारातून सुंगटं आणली असती तर आईने हुमणही केलं असतं आणि टोमणेही वाचले असते.

प्रश्न एवढाच की नदीचं पाणी कोणाच्या मालकीचं असू शकतं का? आणि फी घ्यायचीच असेल तर ती ठरवणार कोण?

खाजनातला_माणूस
मी त्याच बाजूचा शेतकरी, आमच्या टेनंट असोसिएशनच्या (कुळांच्या संघटनेच्या) कमिटीवर सहा वर्षं होतो, म्हणून थोडं लांबलचक लिहितो, रागावू नका.

मानशीचा लिलाव होतो आणि तो कायदेशीर असतो, हे आधी समजून घ्या. दर वर्षी बोली लागते, जो जास्त बोली लावेल त्याला वर्षभर त्या मानशीवरची मासेमारी. हे आजचं नाही, कोमुनिदादीच्या (गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेच्या) काळापासून चालत आलंय, १९६४ च्या कूळ कायद्यानंतर बांधांची जबाबदारी कुळांच्या असोसिएशनकडे आली आणि लिलावही त्यांच्याकडे आला. त्या पैशातून बांध दुरुस्त करायचा, मानशीच्या फळ्या बदलायच्या, पोंय, म्हणजे मानशीच्या आतलं तळं, उपसायची. म्हणजे फी म्हणाल तर ती आमच्याकडे पणजोबांच्या काळापासून आहे, फक्त ती गरी टाकणाऱ्याकडून कधी घेतली नव्हती.

पण कॉन्ट्रॅक्टर बोली कशाची लावतो ते बघा. पोंयीत जे पाणी आत येतं त्यातल्या माशांची आणि सुंगटांची, आणि सुकतीला मानस उघडली की तिच्या तोंडाला लांब पिशवीसारखं जाळं बांधून जे मिळतं त्याची. बाहेरची नदी त्याच्या बोलीत येत नाही. तुम्ही बांधाच्या नदीकडच्या अंगाला उभे राहून नदीत गरी टाकलीत तर तो पोरगा कशाचे पैसे मागतो? आणि पोंयीत टाकत असाल तर मात्र त्याचं म्हणणं बरोबर आहे, तिथे तुम्ही त्याने विकत घेतलेला मासा पकडताय. तुम्ही कुठल्या अंगाला होतात ते लिहिलं नाहीत.

आता माझी तक्रार ऐका. मासे धरणाऱ्यांचा बांधाला त्रास होत नाही असं जे सगळे म्हणतात ना, ते खोटं आहे. गेल्या ऑक्टोबरात मी बांधावरून चालत होतो तर मानशीपासून वीस पावलांवर बांधाच्या कुशीत सात-आठ खड्डे, प्रत्येक कोपराएवढा खोल. गांडुळं काढायला खणलेले. खड्ड्याच्या कडेला खुरपं तसंच पडलेलं, प्लास्टिकचा चहाचा पेला, त्यात माती आणि अर्धमेली गांडुळं. हा बांध चिखलाचा आहे, सिमेंटचा नव्हे. आधीच कुर्ल्या त्याला भोकं पाडतात, ती आम्ही हात घालून घालून बुजवतो, त्यात तुम्ही खड्डे करा, मग अमावास्येच्या उधाणाला पाणी तिथूनच वाट काढणार. एकदा खारं पाणी शेतात शिरलं की साधं भात गेलंच म्हणून समजा, खार सोसणारं कोरगूट भात कसंबसं तग धरतं, आणि शेतातली खार धुऊन जायला पुढचा पाऊस लागतो. एका रविवारच्या चोणक माशापायी माझी दोन वर्षं जातात.

म्हणून माझं म्हणणं, पैसे घ्या, पण ते बांधावर लागू देत.

सदाशिवपेठी_गळ
पुण्याहून वाचतोय, क्षमस्व पण मानस म्हणजे नक्की काय?

खाजनातला_माणूस
बांधात बसवलेलं लाकडी दार समजा. भरती आली की नदीच्या पाण्याच्या दाबाने फळ्या आपोआप मिटतात, खारं पाणी शेतात येत नाही. सुकती लागली की आतलं पाणी फळ्या ढकलून बाहेर जातं. ना मोटर, ना वॉचमन. घोळ तेव्हा होतो जेव्हा जास्त सुंगटं हवीत म्हणून कोणीतरी रात्री फळ्या अडकवून उघड्याच ठेवतं आणि भरतीचं पाणी आत घेतं. सकाळी शेत बघाल तर तळं. ते गांडुळंवाले करत नाहीत हेही कबूल करतो, ते कोण करतं ते गावात सगळ्यांना माहीत असतं.

कोर्टाच्या_पायरीवर
वकिली करतो, पण हा सल्ला फुकट आहे त्यामुळे तेवढ्याच किमतीचा समजा.

बियास नदीकाठच्या मोटेलच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने डिसेंबर १९९६ मध्ये सांगितलंय की नद्या, किनारे, जंगलं ही सरकारने मनात येईल त्याला देऊन टाकायची चीज नाही, सरकार फक्त विश्वस्त आहे. त्यामुळे "ही नदी आमची" असं कोणी म्हणत असेल तर म्हणू द्या, त्याला काही अर्थ नाही. पण लोक इथेच थांबतात आणि पुढचं विसरतात. पाणी सगळ्यांचं असलं तरी पाण्यापर्यंत जायची वाट सगळ्यांची असेलच असं नाही. बांध कोमुनिदादीचा असेल, एखाद्या भाटकाराचा (जमीनदाराचा) असेल, त्यावरून जाऊ द्यायचं की नाही हे तो ठरवू शकतो. गोव्यात मासे धरण्यावरून होणारी निम्मी भांडणं माशांवरून नसतात, वाटेवरून असतात.

तेव्हा पैसे मागणाऱ्याला विचारायचं ते एवढंच की तू कोणाच्या वतीने मागतोस. असोसिएशनचा ठराव असेल, छापील पावती असेल, तर द्या आणि पावती जपून ठेवा. नसेल तर ते खिशातले पैसे, आणि त्याला फी म्हणत नाहीत. दुचाकीचे पन्नास कोणत्या जागेवर लावण्याचे, तेही विचारा, रस्ता पंचायतीचा असेल तर तो पोरगा कोण लागून गेला?

जाता जाता, मासे मारायला सुरुंग किंवा विष वापरणं १८९७ च्या फिशरीज कायद्यापासून गुन्हा आहे. हे इथे सांगायचं कारण, ब्लीचिंग पावडर ओतणारे महाभाग मी स्वतः पाहिलेत, आणि त्यांच्याकडे कोणी दोनशे रुपये मागत नाही.

चोणक_ऑन_लुअर
मी म्हापशाचा, वय २६, आणि इथे सगळे ज्यांना शिव्या घालतायत त्यातलाच एक असणार बहुतेक. रॉड-रील, लुअर (नकली आमिष), ऑनलाइन मागवलेलं सगळं. गांडुळं खणत नाही कारण मला ती लागतच नाहीत. मोठा चोणक मिळाला की फोटो काढून परत सोडतो. मग मला बांध फोडणाऱ्यांच्या रांगेत का बसवता?

गर्दीचं म्हणाल तर ती रील्समुळे झाली हे खरं आहे. एका मुलाने मानशीच्या तोंडाशी धरलेल्या चोणकाचा व्हिडिओ टाकला, लोकेशनसकट, आणि दोन आठवड्यांत तिथे कर्नाटक पासिंगच्या गाड्या. चोणक तिथे का असतो हेही त्यांना माहीत नाही. सुकतीला आतून सुंगटं वाहत येतात आणि हा प्रवाहाच्या कडेला, सावलीत, तोंड वर करून उभा राहतो. पाणी वळायच्या आधीचा अर्धा-पाऊण तास, बस्स. हे लोक भर दुपारी भरतीला येतात, काही मिळत नाही, मग बिअर पितात आणि बाटल्या पोंयीत.

मी फी द्यायला तयार आहे, महिन्याचा पास करा ना. हिमाचलात तीर्थन नदीवर ट्राउटसाठी गेलो होतो, तिथे मत्स्य खात्याचं लायसन्स काढावं लागतं आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी मासा अंडी घालतो म्हणून सगळं बंद. कोणी कुरकुर करत नाही. आपल्याकडे ट्रॉलरना १ जून ते ३१ जुलै बंदी, ६१ दिवस, आणि नेमकं तेव्हाच सगळं गाव नदीवर आणि शेतात उतरतं. पहिल्या पावसात चढणीचे मासे बॅटरीच्या उजेडात पोत्याने भरतात, पोटात गाभोळी असलेले. त्याचं काय?

खाजनातला_माणूस
चोणकबाब, चढणीच्या माशांचं तुमचं म्हणणं मान्य. मीही लहानपणी पोतं धरायला उभा राहिलोय, नाही म्हणत नाही. पण तेव्हा पंधरा माणसं असायची आणि कंदील एक.

महिन्याच्या पासला विरोध नाही. पैसे गोळा कोण करणार ते सांगा, कारण आमच्या मीटिंगला वीस जण बोलवले तर सहा येतात, त्यातले दोन चहासाठी.

सत्तरीकर
तुम्ही खाली खाऱ्या पाण्यावर भांडताय, आमच्याकडे वर वेगळीच गंमत. एका धरणावर मला सिक्युरिटीवाल्याने दोनदा परत पाठवलं, तिसऱ्यांदा गेलो तर तोच माणूस सांडव्याच्या खाली गरी टाकून बसलेला. दोघेही काही बोललो नाही.

नवीन लोकांसाठी सांगतो, म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव, ही अभयारण्यं आहेत, तिथल्या ओहोळात गरी घेऊन जाऊ नका. चोडणचं सलीम अली पक्षी अभयारण्यही त्यातच. फेरीतून उतरून डावी-उजवी न बघता खारफुटीत शिरणारे बघितलेत. आणि कुंभारजुव्याच्या कालव्यावर कंबरभर पाण्यात उतरून पागेर (फेकजाळं) मारायची हौस असेल तर आधी काठावर ऊन खात पडलेला "ओंडका" हलतो का बघा, तिथे मगरी आहेत. तिथे गर्दी का नाही ते आता कळलं असेल.

बाकी ज्यांना फुकट आणि बिनवादाचं हवंय त्यांनी पणजी-रायबंदर रस्त्यावर उभं राहावं. १६३३-३४ साली पोर्तुगीजांनी बांधलेला कॉजवे आहे, अजून कोणी दांडीमागे पैसे मागितलेले नाहीत. फक्त गरी मागे फेकताना कदंबा बस बघा, माझ्या मेहुण्याने एकदा हेल्मेट पकडलं होतं.

पर्वरीचा_गरीवाला
सगळ्यांना धन्यवाद. बुधवारी सुट्टी टाकून एकटाच गेलो, असोसिएशनच्या सेक्रेटरींचं घर विचारत विचारत. म्हातारा माणूस, पडवीत बसून जाळं शिवत होता. त्याने वही काढून दाखवली, लिलाव झालाय, रक्कमही लिहिलेली, पण दांडीमागे पैसे घ्यायचा ठराव वगैरे काही नाही. तो पोरगा कॉन्ट्रॅक्टरचा भाचा. कॉन्ट्रॅक्टरला फोन लावला तर तो म्हणाला मला यातलं काहीच ठाऊक नाही, आणि ज्या आवाजात म्हणाला त्यावरून त्याला सगळं ठाऊक होतं.

खाजनातल्या माणसा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर, बाबा नदीकडे आणि मी पोंयीकडे तोंड करून बसलो होतो. म्हणजे निम्मे पैसे बरोबर गेले असं धरतो. आणि अजून एक कबूल करायचंय. सेक्रेटरींबरोबर बांधावर गेलो तेव्हा त्यांनी खड्डे दाखवले, त्यातला एक जुना, कडेने गवत उगवलेला, पोफळीच्या बुंध्याशी. तो आमचाच. बाबा गेली कित्येक वर्षं तिथूनच गांडुळं काढतात. मी सेक्रेटरींना काही बोललो नाही, घरी येऊन बाबांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, तो खड्डा इतका मोठा कधी झाला?

आता परसात केळीखाली शेणखताचा ढीग केलाय, गांडुळं तिथे. रविवारी जाताना घमेलं आणि फावडं घेऊन जातोय, सेक्रेटरी माती कुठून घ्यायची ते दाखवणार आहेत. कोणी यायचं असेल तर या, पण स्पीकर आणू नका. आणि त्या बाजूला रविवारी सुकती किती वाजता लागते ते कोणीतरी बघून सांगा, बाबांनी चारदा विचारलंय.

खाजनातला_माणूस
साडेसहाच्या आसपास पाणी उतरायला लागेल. सहाला या, आधी खड्डा बुजवू. तुमच्या बाबांना नदीकडच्या अंगाला बसवा, पोंयीकडे नको.