पॉइंटर जुना, भाडेकरू नवा : तुमचे किस्से येऊ द्या

काल भाच्याने सी++ बद्दल विचारलं, "मामा, साधा पॉइंटर (मेमरीतल्या जागेचा पत्ता) ८ बाइटचा, शेअर्ड पॉइंटर (किती जण वापरतायत ते मोजून, शेवटचा गेला की जागा मोकळी करणारा) १६ चा, वर त्या मोजणीच्या काउंटरचा ब्लॉक वेगळा. एवढी मेमरी कशाला घालवायची?" मला थेट २००९ आठवलं. टोलनाक्याचं यंत्र, ६४ एमबी रॅम. बूस्ट लायब्ररीचा शेअर्ड पॉइंटर घेऊ म्हटलं तर साहेब म्हणाले, परवडणार नाही. गाडी गेली की तिच्या माहितीचा ऑब्जेक्ट डिलीट, पण पावती छापणाऱ्या कोडकडे पॉइंटर जुनाच. त्याच जागेवर मागून आलेल्या ट्रकचा ऑब्जेक्ट येऊन बसला आणि वॅगनआरच्या हातात दहाचाकीची पावती! शेवटी पॉइंटर काढून हँडल केले: १६ बिट टेबलातल्या जागेचा नंबर, १६ बिट पिढीचा. जागा दुसऱ्याला दिली की पिढी एकने वाढते, जुनं हँडल जुळत नाही. त्या यंत्रावर पॉइंटर ४ बाइटचा, हँडलही ४ बाइटचंच, जास्तीचं काय ते टेबलात. तुमचं कुठे फाटलं होतं?

खेकडा : वॅगनआरवाल्याने पैसे दिले का ते सांगा आधी 😂

धागाकर्ता : दिले नाहीत. मराठीत बरंच काही दिलं.

रात्रपाळी : आम्ही पिढीला ८च बिट ठेवले, काटकसर! २५६ वेळा जागा फिरली की पुन्हा तोच नंबर. तीन महिन्यांतून एकदा येणारा बग. केस तेव्हाच गेले.

कुकरची_शिट्टी : घाईत लिहितेय. कॅशमध्ये (पुन्हा लागणाऱ्या गोष्टींचा साठा) वीक पॉइंटर (ऑब्जेक्टला जिवंत न ठेवणारे) ठेवले होते, म्हटलं मेमरी आपोआप सुटेल. सुटेना!! ऑब्जेक्ट मेक शेअर्डने बनवलेले, म्हणजे ऑब्जेक्ट नि काउंटर एकाच तुकड्यात. डिस्ट्रक्टर (ऑब्जेक्टची आवराआवर करणारं फंक्शन) चालून गेला तरी शेवटचा वीक पॉइंटर जाईपर्यंत तुकडा अडकून. त्यात प्रत्येक ऑब्जेक्टच्या पोटातच ४ केबीचा बफर. न्यू वापरून ऑब्जेक्ट काउंटरपासून वेगळा केला तेव्हा रॅम उतरली. आले, भात लागतोय

आळशी_कोडर : जावा वापरा, सुखी राहा.

रात्रपाळी : हो का? हीप (जावाच्या ऑब्जेक्टना दिलेली मेमरी) ३१ जीबीवरून ३४ केलीत कधी? ३२ च्या आत रेफरन्स (जावातले पॉइंटरच) ४ बाइटचे, वर गेलात की ८ चे. आमच्याकडे वाढवल्यावर जागा कमीच पडली.

आळशी_कोडर : 🙏

पुणे३० : क्रोमवाल्यांनी २०२२ मध्ये मिरॅकल पॉइंटर आणला तो जुन्या पॉइंटरच्या याच दुखण्यावर. प्रत्येक ॲलोकेशनला (मागून घेतलेल्या जागेला) छोटा काउंटर, आणि कुणी अजून पत्ता धरून असेल तर सोडलेली जागा दुसऱ्याला देतच नाहीत. रॅम थोडी जास्त जाते, पण हल्लेखोराच्या हाती फारसं काही लागत नाही.

खेकडा : म्हणजे माझा ८ जीबीचा लॅपटॉप सुरक्षिततेपायी रडतो. मला वाटलं ५० टॅबमुळे.

कुकरची_शिट्टी : भात लागलाच. टोलवरून आठवलं, खंबाटकीच्या अलीकडे वडा कुठे चांगला मिळतो? शनिवारी जायचंय

धागाकर्ता : घाटाआधी नको, ताई. वाईला वळा.