मदत हवी आहे: टेक्ससमध्ये लायसन्स सस्पेंड, कामापुरत्या लायसन्ससाठी गाडीचा विमा कसा घ्यावा?

प्लेनोकर
नमस्कार मंडळी. धाकट्या भावाचं टेक्ससचं लायसन्स १८० दिवसांसाठी सस्पेंड झालंय. डीडब्ल्यूआयमध्ये (दारू पिऊन गाडी चालवणं) अटक, श्वासाची चाचणी नाकारली. याआधी काहीही नाही. घर प्लेनोला, ऑफिस अर्व्हिंगला. कामापुरतं ऑक्युपेशनल लायसन्स (ओडीएल) काढायचंय, त्याला एसआर-२२ लागतो म्हणतात. गाडी एकच, त्याच्या बायकोच्या नावावर, आणि विमा कंपनी म्हणतेय की त्याला पॉलिसीतून वगळा. वगळून त्याच्यासाठी स्वस्तातली नॉन-ओनर पॉलिसी (स्वतःची गाडी नसलेल्यांसाठीचा विमा) घेतली तर चालेल का? आणि तोवर भारतातल्या लायसन्सवर चालवलं तर?

स्वाती_ह्यूस्टन
शेवटचं आधी: अजिबात नको. सस्पेंड होतो तो टेक्ससमध्ये गाडी चालवण्याचा हक्क, नुसतं कार्ड नाही. भारतातलं लायसन्स किंवा इंटरनॅशनल परमिट दाखवून सुटका होत नाही, वर नवा गुन्हा लागतो.

आता विमा. एसआर-२२ हा वेगळा विमा नाही. अमुक माणसाकडे किमान लायबिलिटी (दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा) आहे, असं विमा कंपनीने डीपीएसला, म्हणजे लायसन्स देणाऱ्या राज्याच्या खात्याला, दिलेलं ते प्रमाणपत्र. टेक्ससची किमान मर्यादा ३०/६०/२५: एका व्यक्तीच्या इजेला ३० हजार डॉलर, एका अपघातातल्या सगळ्यांच्या मिळून ६० हजार, दुसऱ्याच्या मालमत्तेला २५ हजार.

नॉन-ओनरवर एसआर-२२ निघतो, कागद पूर्ण होतो, आणि घोळ तिथेच होतो. घरातली किंवा रोज हाताशी असलेली गाडी त्या पॉलिसीत सहसा धरत नाहीत. बायकोच्या पॉलिसीवर '५१५ए' एक्सक्लूजनवर (अमुक ड्रायव्हरला वगळल्याचा कागद) सही झाली, की तो त्या गाडीत बसून निघाल्यावर तिचीही पॉलिसी हात वर करते. म्हणजे दोन पॉलिस्या, दोन हप्ते, आणि धडकेनंतर कोणीच पैसे देणार नाही. तो हीच गाडी चालवणार असेल तर त्याचं नाव ड्रायव्हर म्हणून त्याच पॉलिसीत हवं आणि एसआर-२२ तिथूनच. ही कंपनी तयार नसेल तर अख्खी पॉलिसी नॉन-स्टँडर्ड (जास्त जोखमीचे ड्रायव्हर घेणाऱ्या) कंपनीकडे हलवा. महाग पडेल, पण दुसरा सरळ रस्ता नाही. गाडीवर कर्ज असेल तर कोलिजन आणि कॉम्प्रिहेन्सिव्ह (धडक, चोरी वगैरेत आपल्याच गाडीचं नुकसान भरून देणारे भाग) पॉलिसीतून कमी करू नका, बँक ते मागतेच.

विकास_ऑस्टिन
सहमत. ६० दिवसांत दोन कंपन्यांनी नकार दिला तर टायपा या राज्याच्या योजनेतून किमान लायबिलिटी मिळते. नकाराच्या तारखा लिहून ठेवा.

क्रम चुकवू नका: आधी पॉलिसी आणि एसआर-२२, मग कोर्ट. विम्याचा पुरावा हातात नसेल तर न्यायाधीश आदेश देत नाहीत. आदेशावर सही झाली की त्याची प्रमाणित प्रत, एसआर-२२ आणि फी डीपीएसला पाठवायची. ओडीएलचे वर्षाला १० डॉलर, शिवाय लायसन्स परत चालू करण्याची फी. चाचणी नाकारल्याच्या सस्पेन्शनला ती १२५ डॉलर. सहीच्या तारखेपासून ४५ दिवस तो आदेशच लायसन्स म्हणून चालतो, म्हणून कागद त्याच आठवड्यात पाठवा.

अर्जात तपशील भरताना कंजुषी नको. गाडी चालवायला साधारण २४ तासांत चार तास मिळतात, गरज दाखवली तर बारापर्यंत. प्लेनो कॉलिन काउंटीत, अर्व्हिंग डॅलसमध्ये. दोन्ही काउंट्या लिहा, आणि वाट वाकडी करावी लागली तर म्हणून शेजारची डेंटनही. किराणा, डॉक्टर, मुलांची शाळा ही घरची आवश्यक कामं वेगळी नमूद करा, नाहीतर आदेशात नुसतं 'काम' येतं. वेळेबाहेर सापडला तर क्लास बी गुन्हा आणि ओडीएल रद्द. गाडीत इंटरलॉक (श्वासात दारू आढळली तर गाडी सुरू होऊ न देणारं यंत्र) बसवायला लावला असेल तर मात्र वेळ, ठिकाण आणि कारणाची बंधनं लागत नाहीत. वकिलाला हे जरूर विचारा.

प्लेनोकर
खूप आभार. एसआर-२२ किती काळ ठेवायचा? मध्येच कंपनी बदलली तर?

स्वाती_ह्यूस्टन
ओडीएल असेपर्यंत लागतोच. डीडब्ल्यूआयमध्ये दोषी ठरला तर त्या निकालापासून दोन वर्षं. पॉलिसी बंद पडली की कंपनी डीपीएसला एसआर-२६ (विमा बंद झाल्याची सूचना) धाडते आणि लायसन्स पुन्हा जातं. बहुतेक वेळा कारण फुटकळ असतं: कार्ड एक्स्पायर झालं, ऑटो-पे फेल गेलं. जमत असेल तर सहा महिन्यांचा हप्ता एकदम भरा. कंपनी बदलताना नवा एसआर-२२ डीपीएसकडे नोंदला गेल्याची खात्री करा, मगच जुनी पॉलिसी रद्द करा. तारखांमध्ये एका दिवसाचंही अंतर नको.