मदत हवी आहे: डीएम गॅस्ट्रो की हेपॅटोलॉजी? उद्या चॉइस लॉक होणार

लातूरचा_डॉक
नीट एसएसचं (एमडीनंतरच्या सुपरस्पेशालिटीची परीक्षा) चॉइस फिलिंग, म्हणजे सीटची पसंतीयादी भरणं चालू आहे, उद्या दुपारी बंद होणार. यादीत गॅस्ट्रो (पोट, आतडी, लिव्हर सगळं) वर टाकू की हेपॅटोलॉजी (फक्त लिव्हर)? घरचे एक सांगतात, सिनियर दुसरं, बॅचमेट तिसरंच आणि आता माझं डोकं चालेनासं झालंय. "दोन्ही चांगलंच आहे" असं कृपया सांगू नका, जे या ट्रेनिंगमधून गेलेत त्यांनी सरळ सांगा. घाई आहे.

कृष्णाकाठ
रँक किती? फेरी कुठली? एमडी मेडिसिनच ना, की पेडियाट्रिक्स? त्यांचा ग्रुप आणि पेपर वेगळा असतो. हे काहीच न सांगता सल्ला कसा देणार.

सुगरण_ताई
इथे लिव्हरचे डॉक्टर आहेत म्हणून विचारते, आमच्या ह्यांना सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड २ आलंय, काळी कॉफी घ्यावी का? वजन ८८ आहे.

लातूरचा_डॉक
मेडिसिनच हो, ते धरूनच चाललो होतो. फेरी दुसरी. रँक मधली आहे, केईएम, नायर, सायन काही मिळत नाही. हेपॅटोलॉजी डीएम मिळेल असं वाटतंय, म्हणून तेच वर टाकावं असं चाललंय.

मिडलंड्सचा_मराठी
माझं ऐकशील तर इकडे इंग्लंडला ये. एमआरसीपी या इथल्या फिजिशियनच्या परीक्षेचे पार्ट १, पार्ट २ आणि पेसेस (प्रॅक्टिकल) कर, मग गॅस्ट्रोच्या रजिस्ट्रार ट्रेनिंगला अर्ज. २०२२ च्या करिक्युलमपासून ते ५ ऐवजी ४ वर्षांचं झालंय. प्रत्येक स्कोप (दुर्बिणीची तपासणी) ऑनलाइन नोंदवावा लागतो आणि जॅग या एंडोस्कोपीचा दर्जा बघणाऱ्या संस्थेचं सर्टिफिकेट मिळेपर्यंत एकट्याने एंडोस्कोपी करू देत नाहीत. तिकडे आपल्याला कुणी हात धरून शिकवलं होतं का?

कृष्णाकाठ
अहो त्याला उद्या दुपारी यादी लॉक करायचीय आणि तुम्ही विमानात बसवताय. जनरल मेडिसिनच्या ड्यूट्या करत करत ४ वर्षं जातात हेही सांगा की. आणि इथल्या सरकारी डीएमला रात्री रक्ताच्या उलट्या घेऊन येणारे पेशंट एवढे असतात की हात आपोआप बसतो.

मिडलंड्सचा_मराठी
हात बसतो, पण कुणाच्या जिवावर? शिकाऊ डॉक्टरवर नजर ठेवायला माणूस असलाच पाहिजे, यात मी मागे हटणार नाही.

पित्तनलिका
मी डीएनबीवाला, म्हणजे आताचं डीआरएनबी, डीएमच्या बरोबरीची पदवी. वादात पडत नाही, फक्त मूळ लेखकाला विचारतो: गॅस्ट्रोच्या तुझ्या आवाक्यातल्या सीट डीएमच्या आहेत की डीआरएनबीच्या? आणि ३ वर्षांनी राहणार कुठे? सगळं त्यावर आहे.

लातूरचा_डॉक
गॅस्ट्रोची पुण्यातल्या एका खाजगी हॉस्पिटलची डीआरएनबी. हेपॅटोलॉजी दिल्लीत. राहणार अर्थात लातूरलाच, बायकोचं गायनॅकचं हॉस्पिटल चालू आहे तिथे.

पित्तनलिका
हे पहिल्याच ओळीत लिहायचं होतंस मित्रा! लातूरला बसणार असशील तर गॅस्ट्रोच. तुझ्याकडे येणार कोण? सीबीडीत (पित्ताच्या मुख्य नळीत) खडा अडकून कावीळ झालेला, दारूच्या सिरॉसिसने रक्त ओकणारा, गिळताना अडकतंय म्हणणारा म्हातारा, आतड्याचा टीबी की क्रोन्स (आतड्याची जुनाट सूज) हे ठरत नाही असा पंचविशीतला पोरगा, लिव्हरमधलं अमीबिक गळू. यातल्या बहुतेकांना दुर्बीण लागते, खड्याला तर ईआरसीपीच (दुर्बिणीतून पित्तनळीत शिरून खडा काढणं). हेपॅटोलॉजीत बँडिंग आणि ग्लू (रक्त येणाऱ्या फुगलेल्या शिरा दुर्बिणीतून बांधणं, बुजवणं) उत्तम शिकशील, पण कोलोनोस्कोपी आणि ईआरसीपीवर तेवढा हात बसेलच असं नाही.

यकृतप्रेमी
थांबा. मी हेपॅटोलॉजी केलंय आणि असं कुणी लिहिलं की मला राग येतो. जिल्ह्यात लिव्हरचा माणूस नाही म्हणूनच पेशंट उशिरा पोचतात. हिपॅटायटिस बी आणि सीची औषधं २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत आहेत, पण शोधून सुरू कोण करणार? उंदराच्या विषाची पेस्ट खाल्लेल्या पोरी येतात, पिवळा फॉस्फरस असतो त्यात, पहिले एकदोन दिवस चांगल्या दिसतात, घरी सोडतात आणि मग लिव्हर जातं. त्यांना ट्रान्सप्लांट सेंटरला कधी हलवायचं ते ओळखणारा माणूस गावात हवा. ट्रान्सप्लांट लातूरला होणार नाही, पण ऑपरेशन झालेला माणूस लातूरलाच परत येतो ना, त्याची टॅक्रोलिमसची (शरीराने नवं लिव्हर नाकारू नये म्हणून दिलेल्या औषधाची) रक्तातली लेव्हल कोण बघणार?

पित्तनलिका
सगळं मान्य. पण हे सगळं गॅस्ट्रोवालाही करतो, लिव्हर त्याच्या अभ्यासक्रमात असतंच. उलटं होणं अवघड. त्याला एकट्याने बसायचंय, टीममध्ये नाही.

यकृतप्रेमी
अभ्यासक्रमात असणं आणि लिव्हर आयसीयूत रात्र काढणं यात फरक आहे. तरी एकट्याने बसायचं असेल तर तुमचा मुद्दा पटतो. मोठ्या शहरात जाणार असता तर मी भांडलो असतो.

सह्यकडा
अवांतर: ट्रान्सप्लांटचं निघालंच आहे तर अवयवदानाचा फॉर्म भरून ठेवा आणि घरच्यांना सांगून ठेवा, शेवटी संमती त्यांचीच लागते. आपल्याकडे मुंबई, पुणे, नागपूर, संभाजीनगर अशा चार विभागीय समित्या हे वाटप बघतात.

कृष्णाकाठ
@लातूरचा_डॉक, एक महत्त्वाचं राहिलं. "मिळेल असं वाटतंय म्हणून वर टाकतो" हे करू नकोस. यादी हवं त्या क्रमाने लावायची असते. वरचं नाही मिळालं तर खालच्याचा विचार होतोच, वर हेपॅटोलॉजी टाकलीस आणि मिळाली तर खालची गॅस्ट्रो कुणी बघणारही नाही. दुसरी फेरी आहे, सीट मिळून जॉइन झाला नाहीस तर अनामत रक्कम जाते, म्हणून जिथे खरंच जाणार नाहीस ते यादीतच नको. आणि लॉक करायला विसरलास तरी वेळ संपली की आपोआप लॉक होतं, त्यामुळे अर्धवट यादी ठेवू नकोस.

पित्तनलिका
आणि त्या पुण्याच्या हॉस्पिटलमधल्या सेकंड इयरवाल्याला आज रात्रीच फोन कर. स्वतःच्या हाताने किती स्कोप करतोस, ईआरसीपीत नुसता उभा असतोस की कॅन्युलेशनला (पित्तनळीत नळी घालायला) हात मिळतो, इमर्जन्सी ब्लीडला आधी कोण जातं, हे विचार. खाजगीत पेशंट पैसे मोजून मोठ्या डॉक्टरकडे आलेला असतो, काही ठिकाणी शिकाऊला दुर्बीण धरायलाच मिळत नाही. मी अशा ठिकाणी होतो, पहिलं वर्ष नोट्स लिहिण्यात गेलं. एक्झिट परीक्षेचा निकालही विचार.

सुगरण_ताई
माझ्या प्रश्नाचं कुणी सांगेल का?

यकृतप्रेमी
ताई, बिनसाखरेची काळी कॉफी चालेल, पण तो उपचार नाही. वजन ७ ते १० टक्के उतरलं तर लिव्हरला खरा फरक पडतो. साखर, लिव्हरची एन्झाइम्स आणि प्लेटलेट तपासून घ्या आणि जवळच्या फिजिशियनला दाखवा. दारू पूर्ण बंद.

लातूरचा_डॉक
फोन झाला. फर्स्ट इयरला रात्रीचे ब्लीड रेसिडेंटच करतो, सर बाजूला उभे असतात. ईआरसीपीत थर्ड इयरला कॅन्युलेशन मिळतं. पुण्याची गॅस्ट्रो एक नंबरला, त्याखाली नाशिकची गॅस्ट्रो, मग दिल्लीची हेपॅटोलॉजी. हेपॅटोलॉजी काढून टाकू का तेवढं सांगा.

पित्तनलिका
फक्त तीच मिळाली तर जाशील का?

लातूरचा_डॉक
जाईन. बायकोशी बोललो आत्ताच.

कृष्णाकाठ
मग राहू दे. लॉक करून प्रिंट काढ आणि ओरिजिनल कागद कॉलेजकडे अडकलेत का ते सकाळी आधी बघ.