संभाजीनगर स्टेशनजवळ हॉटेल: पहाटे चारला उतरल्यावर भाडं किती दिवसांचं लागतं?

पायवाट:
एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात शनिवारी रात्री कल्याणहून देवगिरी एक्सप्रेसने छत्रपती संभाजीनगरला निघतोय. गाडी पहाटे चारच्या सुमारास पोचते. सोमवारी रात्री देवगिरीनेच परत. आम्ही दोघं, आई-बाबा (दोघंही सत्तरीचे) आणि मोठा मुलगा, अशी पाच माणसं. वेरूळ आणि अजिंठा दोन्ही करायचं आहे. स्टेशनपासून चालत जाता येईल असं, एका खोलीला दीड हजारापर्यंतचं हॉटेल हवंय. ॲपवर सगळीकडे 'चेक-इन दुपारी १२' लिहिलंय, मग पहाटे गेलं तर काय होतं? दोन खोल्या घ्याव्यात की एक मोठी? एसी लागेलच का, की कूलरवर भागेल? आईचे गुडघे दुखतात, हेही सांगून ठेवतो.

स्टेशनरोड:
हॉटेलच्या आधी वार बघा. अजिंठा लेणी सोमवारी बंद असतात आणि वेरूळ मंगळवारी. म्हणजे तुमच्या दोन दिवसांत रविवारी अजिंठा आणि सोमवारी वेरूळ हा एकच क्रम जमतो. उलटं केलंत तर सोमवारी शंभर किलोमीटर जाऊन फाटकावरून परत यावं लागेल.

आता भाडं. स्टेशन रोड, बन्सीलालनगर, पदमपुरा या पट्ट्यात दोन प्रकारची हॉटेलं आहेत. एक बाराच्या चेक-आऊटची: दुपारी बाराला दिवस सुरू, दुसऱ्या दुपारी बाराला संपला. दुसरी चोवीस तासांची: तुम्ही ज्या वेळी रजिस्टरमध्ये सही केली, तिथून तुमचा दिवस सुरू. जुन्या लॉजांत हा दुसरा प्रकार अजून चालतो आणि पहाटेच्या गाडीने येणाऱ्याला तोच परवडतो.

तुमचाच हिशेब मांडतो. बाराच्या पद्धतीत रविवारी पहाटे साडेचारला खोली घेतली की शनिवार दुपार ते रविवार दुपार हा एक दिवस लागतो, रविवार ते सोमवार दुसरा, आणि सोमवारी रात्री दहापर्यंत खोली ठेवायची तर तिसरा. दोन खोल्यांचे सहा दिवस, दीड हजाराने ९,००० रुपये. चोवीस तासांच्या पद्धतीत रविवार पहाट ते मंगळवार पहाट असे दोनच दिवस होतात. दोन खोल्यांचे चार दिवस, ६,००० रुपये.

ॲपवरून करणार असाल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. रविवारची तारीख टाकली तर खोली रविवारी दुपारी बारापासून तुमची. पहाटे हवी असेल तर शनिवारची तारीख टाकावी लागते आणि पैसे शनिवारपासूनचे जातात. 'अर्ली चेक-इन'ची विनंती ॲपवर लिहिलेली काउंटरवरच्या माणसाने वाचलेली असेलच असं नाही. म्हणून नंबर शोधून थेट हॉटेलला फोन करा आणि शब्द असे वापरा: "शनिवारी रात्रीच्या गाडीने रविवारी पहाटे साडेचारला येतोय. तुमचं चोवीस तासांचं आहे की बाराचं? त्या वेळी शटर उघडं असतं का?" शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. छोट्या लॉजचं शटर रात्री एकनंतर खाली येतं आणि वॉचमन उठेपर्यंत म्हाताऱ्या माणसांना बॅगा घेऊन फुटपाथवर उभं राहावं लागतं.

पावतीवर आत आल्याची वेळ लिहून घ्या, नुसती तारीख नको. रात्रपाळीचा माणूस सकाळी घरी जातो आणि दुसऱ्या दिवशी काउंटरवर वेगळाच बसलेला असतो. पावतीवर ४:३० लिहिलेलं असेल तर वाद होत नाही. खोली सोडायला उशीर झाला तर सवलत अर्धा तास की एक तास, तेही तेव्हाच विचारा.

कोरडवाहू:
वरचा हिशेब बरोबर आहे, पण चोवीस तासांच्या पद्धतीत साडेचारला सही केली की दिवसही साडेचारलाच संपतो. सोमवारी पहाटे साडेचारला कुणी खोली रिकामी करत नाही, त्यामुळे दोन्ही खोल्यांचा दुसरा दिवस आपोआप लागतो. म्हणून दोन्ही खोल्या एकदम घेऊ नका.

पहाटे एकच खोली घ्या, त्यात एक जादा गादी टाका. दोन-अडीच तास पाठ टेकायची, अंघोळी उरकायच्या आणि सातला अजिंठ्याला निघायचं, एवढ्याला पाच जणांना एक खोली पुरते. दुसरी खोली रविवारी संध्याकाळी परत आल्यावर घ्या. तिचे चोवीस तास सोमवारी संध्याकाळी सहा-सातला संपतील, म्हणजे वेरूळहून आल्यावर बायकांना आवरायलाही ती हाताशी राहते. पहिली खोली रात्री गाडीपर्यंत आहेच. असे एकूण तीन दिवस होतात, ४,५०० रुपये. फक्त दुसऱ्या खोलीचे थोडे पैसे पहाटेच भरून खोलीचा नंबर पावतीवर टाकून घ्या. एप्रिल-मे लग्नसराईचा, संध्याकाळी सातला स्टेशनजवळ वऱ्हाडं उतरलेली असतात आणि तोंडी शब्द टिकत नाही.

जादा गादीचे पैसे वेगळे लागतात, ते आधी विचारा. गादी म्हणजे उशी, चादर, पांघरूण सगळं धरून का, हेही विचारा.

नाथसागर:
कूलर की एसी, हे खोली कोणत्या मजल्यावर आहे त्यावर ठरतं. एप्रिलअखेर इकडे पारा चाळिशी ओलांडतो, पण हवा कोरडी असते. कोरड्या हवेत कूलर उत्तम चालतो, अट एवढीच की आत आलेली हवा बाहेर जायला वाट हवी. समोरची खिडकी किंवा झरोका चार बोटं उघडा ठेवला तर गारवा राहतो. सगळं बंद करून कूलर लावला की तासाभरात खोली दमट होते, चादर ओलसर लागते आणि माणूस घामाने उठतो. लॉजांत 'कूलर असून गरम होतं' ही तक्रार बहुतेक वेळा याचीच असते. बंद बोळाकडे तोंड असलेला किंवा पॅसेजमधून हवा ओढणारा कूलर असेल तर ती खोली नको.

कूलरची टाकी रात्री एक-दोनला रिकामी होते आणि मग तो नुसती गरम हवा फेकतो. पंप कोरडा चालून जळतो तो वेगळाच. झोपण्याआधी टाकी काठोकाठ भरून घ्या, पोऱ्याला दहाच्या आत सांगा.

सगळ्यात वरचा मजला घेऊ नका, एसी असला तरी. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत आत उष्णता सोडत राहतो आणि एक टनाचा एसी त्याच्यापुढे हरतो. पश्चिमेच्या भिंतीचंही तेच. मधला मजला, मागची बाजू, हे स्टेशन रोडवर सगळ्यात चांगलं. समोरच्या खोल्यांना ट्रक आणि हॉर्न रात्रभर ऐकू येतात. सत्तरीची माणसं दिवसभर उन्हातून येणार आहेत, तेव्हा त्यांच्या खोलीला एसी घ्या, दुसरी कूलरची चालेल.

लाइट गेली तर काय चालतं ते विचारून ठेवा. बजेट हॉटेलात इन्व्हर्टरवर पंखा आणि एक दिवा असतो. एसी नाही आणि लिफ्टही नाही. तुमच्या आईंसाठी लिफ्ट आहे म्हणून तिसरा मजला घेऊ नका, पहिलाच मागा. आणि कमोड आहे का ते फोनवरच विचारा. जुन्या लॉजच्या स्वस्त खोल्यांत भारतीय पद्धतीचा संडास असतो, गुडघेदुखीला तो झेपत नाही. फोटोत दाखवलेलं बाथरूम डिलक्सचं असतं, तुम्हाला मिळणाऱ्या खोलीचं असेलच असं नाही.

पाण्याचं सांगतो, कारण बाहेरगावच्या माणसाला याची कल्पना नसते. शहराला पाणी जायकवाडीहून येतं आणि नळ रोज येत नाही, काही दिवसांआड येतो. हॉटेलं टँकर आणि बोअरवर चालतात. बोअरचं पाणी जड असतं: साबणाला फेस येत नाही, शॉवरची भोकं क्षाराने बुजलेली असतात. शॉवरच्या नादी न लागता बादली भरून घ्या. काही ठिकाणी गच्चीवरच्या टाकीचं पाणी सकाळी आणि संध्याकाळी ठरावीक वेळीच सोडतात. तुम्ही साडेचारला पोचणार, तेव्हा त्या वेळी नळाला पाणी असतं का, हा प्रश्न फोनवरच्या यादीत घाला. गरम पाण्याची काळजी एप्रिलात नको. गच्चीवरची काळी टाकी दुपारनंतर इतकी तापते की थंड नळालाच कढत पाणी येतं. प्यायला मात्र बोअरचं नको, वीस लिटरचा जार पॅसेजमध्ये ठेवलेला असतो किंवा सीलबंद बाटली घ्या.

पायवाट:
खूप नेमकं सांगितलंत सगळ्यांनी, आभार. पहाटे एकच खोली घेण्याचं पटलं. दोन शंका. स्टेशनवरच रिटायरिंग रूम मिळते असं ऐकलंय, ती घ्यावी का? आणि सगळ्यांची आधार कार्डं द्यावी लागतात का? बाबांना झेरॉक्स देऊन ठेवायला आवडत नाही.

हिशेबवही:
रिटायरिंग रूम आयआरसीटीसीच्या साइटवरून तुमच्या पीएनआरवर बुक होते. तिकीट कन्फर्म किंवा आरएसी असावं लागतं, वेटिंगवर मिळत नाही. बारा किंवा चोवीस तासांसाठी घेता येते. स्टेशनचं नाव आता छत्रपती संभाजीनगर आणि कोड सीपीएसएन आहे, २०२५ पर्यंतचा एडब्ल्यूबी टाकून सापडलं नाही तर गोंधळू नका. बाहेरच्या हॉटेलपेक्षा सहसा स्वस्त पडते आणि बॅगा घेऊन रस्ता ओलांडावा लागत नाही, हे खरं. पण खोल्या मोजक्या असतात आणि गाड्यांच्या घोषणा रात्रभर ऐकू येतात. एका रात्रीला मी तीच सुचवली असती. तुम्हाला मधे एक पूर्ण रात्र झोप हवी आहे, तेव्हा हॉटेल बरं.

ओळखपत्र प्रत्येक मोठ्या माणसाचं मागतात, एकाचं देऊन भागत नाही. पत्ता असलेलं लागतं, त्यामुळे पॅन कार्ड चालत नाही. मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पासपोर्ट यांपैकी काहीही चालतं, आधारचाच आग्रह धरायचं कारण नाही. आधार द्यायचंच असेल तर यूआयडीएआयच्या साइटवरून 'मास्क्ड आधार' काढा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. झेरॉक्सवर आडवं लिहा: 'फक्त हॉटेल मुक्कामासाठी', खाली तारीख आणि सही. मूळ कार्ड काउंटरवर ठेवून घेऊ देऊ नका.

बिलाचं राहिलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला साडेसात हजारापर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे, त्याआधी १२ होता. कोरडवाहू यांनी मांडलेल्या ४,५०० वर २२५ रुपये, म्हणजे ४,७२५ आणि वर जादा गादी. अजून कुणी १२ टक्के लावत असेल तर तिथेच थांबवा. आणि ज्या बिलावर पंधरा अक्षरांचा जीएसटी क्रमांक छापलेला नाही, त्या बिलावर जीएसटी लावताच येत नाही. फोनवर दर ठरवताना 'टॅक्स धरून किती' एवढंच विचारा.

स्टेशनबाहेर "साहेब, स्वस्त लॉज दाखवतो" म्हणत मागे लागतात त्यांच्याबरोबर जाऊ नका. त्यांचं कमिशन तुमच्याच भाड्यात चढतं. आधी फोन करून ठरवलं असेल तर नाव सांगून सरळ पुढे चालायचं.

कोरडवाहू:
पैसे भरण्याआधी खोली बघायला मागा, कुणी नाही म्हणत नाही. आत गेल्यावर चादर वर करून गादीच्या चारही कोपऱ्यांची शिवण मोबाइलच्या टॉर्चने बघा. काळे बारीक ठिपके दिसले की ढेकूण, लगेच दुसरी खोली मागा, फवारून देतो म्हटलं तरी नको. खाटेच्या डोक्याकडची फळी भिंतीला टेकते तिथेही असतात. दरवाजाची आतली कडी पूर्ण बसते का, बाथरूमच्या खिडकीला काच आहे का, फ्लश चालतो का, मोबाइल चार्ज करायचं बटण खरंच चालतं का. दोन मिनिटांचं काम आहे, पण बॅगा उघडल्यावर खोली बदलायचा कंटाळा येतो आणि मग माणूस तसाच राहतो.

स्टेशनरोड:
अजिंठ्याबद्दल थोडं, कारण तुमची हॉटेलची वेळ त्यावर ठरते. एसटी मध्यवर्ती बसस्थानकावरून, जळगावकडे जाणारी कुठलीही. स्टेशनपासून स्थानक रिक्षाने दहा मिनिटं. महिलांना निम्मं तिकीट, ६५ ते ७५ वयालाही निम्मं, आई-बाबांचं वयाचं ओळखपत्र जवळ ठेवा. फर्दापूरच्या टी-पॉइंटला उतरायचं, पुढचे चार किलोमीटर लेण्यांपर्यंत वेगळी बस. खासगी गाडीसुद्धा तिथेच लावावी लागते. लेण्यांच्या पायऱ्या आईंना जड जातील, तिथे डोलीवाले असतात, दर आधी ठरवा.

पण पाच माणसं आणि दोन ज्येष्ठ, मी गाडीच करा म्हणेन. हॉटेलच्या काउंटरवरून गाडी सांगितली तर टोल, पार्किंग, ड्रायव्हरचा भत्ता धरून का ते विचारा. दिवसाचा किमान २५० किंवा ३०० किलोमीटरचा दर लावतात आणि अजिंठा जाऊन-येऊन दोनशेच्या आसपास होतं, तेव्हा 'जादा किलोमीटर'चे पैसे निघायचं कारण नाही. वेरूळ तीसच किलोमीटर आहे, त्याला पूर्ण दिवसाचा दर देऊ नका, अर्ध्या दिवसाचा बोला. तिथे कैलास लेणं फाटकासमोरच आहे, आईंना फार चालावं लागणार नाही.

सोमवारी वेरूळला निघताना काउंटरवर सांगून जा की पहिली खोली रात्री गाडीपर्यंत चालू आहे, आणि किल्ली तुमच्याकडेच ठेवा. किल्ली काउंटरवर दिली की साफसफाईवाला खोली सोडली समजून सामान खाली आणून ठेवतो.

पायवाट:
तीन ठिकाणी फोन केले. दोघांचं बाराचं निघालं. तिसऱ्याचं चोवीस तासांचं आहे, पहिल्या मजल्यावर मागच्या बाजूला कमोडची एसी खोली, टॅक्स धरून १,५७५, दुसरी कूलरची. पहाटे शटर उघडं असतं म्हणाले, पाणी मात्र साडेपाचला सोडतात.

नाथसागर:
मग पोचल्यावर लगेच दोन बादल्या भरून ठेवायला रात्रीच फोन करून सांगा. बाहेरच्या पिंपातून पोऱ्या आणून देतो.