मोटर न्यूरॉन आजाराचे निदान झाले. आता पुढे काय?

प्रश्न (फोंडा):
माझे बाबा ६३ वर्षांचे असून अनेक वर्षे भजनात पेटी वाजवत आले. दीड वर्षापूर्वी उजव्या हाताची बोटे सुरांवर नीट पडेनाशी झाली, तेव्हा मानेचे दुखणे समजून आम्ही मालिश करत राहिलो. पुढे अंगठ्याखालचे मांस ओसरले, दंडाचे स्नायू आपोआप फडफडू लागले आणि आता पेज पितानाही ठसका लागतो. मानेचा एमआरआय आणि ईएमजी (स्नायू व चेतांची विद्युत तपासणी) झाल्यावर न्यूरॉलॉजिस्टांनी एएलएस, म्हणजे मोटर न्यूरॉन आजाराचा एक प्रकार, असल्याचे सांगून रिल्युझोल हे औषध सुरू केले आहे. बाबांना आम्ही आजाराचे नाव सांगितलेले नाही. इलाजच नसेल, तर आम्ही नेमके काय करायचे?

उत्तर (पणजी, फिजिशियन):
आजार मुळापासून बरा करणारे औषध नाही, हे खरे; पण उपचार नाहीत, असा त्याचा अर्थ नव्हे. मेंदूतून आणि मज्जारज्जूतून स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी यात झिजत जातात, मात्र स्पर्श, दृष्टी आणि श्रवण सहसा शाबूत राहतात. रिल्युझोलने आजाराची गती थोडी मंदावते. ते चालू असताना यकृताच्या तपासण्या करत राहाव्यात. त्याहून मोठा फरक श्वासाच्या आधाराने पडू शकतो. उताणे झोपल्यावर धाप लागणे, सकाळी डोके जड असणे, दिवसा पेंग येणे ही छातीचा पडदा दुबळा होत असल्याची चिन्हे असू शकतात. म्हणून फुफ्फुसांची क्षमता दर दोन-तीन महिन्यांनी मोजून घ्यावी आणि गरज दिसताच रात्री बायपॅप (मास्कमधून श्वासाला आधार देणारे यंत्र) सुरू करावा. घरी केवळ ऑक्सिजन लावू नका. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढू शकतो.

उत्तर (सांखळी):
माझ्या आईला हाच आजार होता. पोटातून अन्न देण्याची पेग नळी आम्ही ‘अजून जेवते आहे’ म्हणून पुढे ढकलली आणि श्वास खालावल्यावर तीच शस्त्रक्रिया जोखमीची ठरली. वजन उतरू लागताच विचारणा करा. पेजेत शिते आणि पाणी वेगवेगळे राहते, म्हणून ती गिळायला अवघड जाते. आम्ही ती घोटून एकजीव आणि दाट करून देत असू, अर्थात स्पीच थेरपिस्टकडून गिळण्याची तपासणी करून घेतल्यावरच. आई मध्येच अनावर रडायची. तेही आजाराचे लक्षण असू शकते आणि त्यावर औषध आहे, हे आम्हाला फार उशिरा कळले.

आणखी एक कळकळीने सांगते. नळी हवी का, पुढे श्वासनलिकेला छेद देऊन व्हेंटिलेटर हवा का, हे ठरवण्याचा हक्क बाबांचा आहे. बोलता येते तोवर त्यांना विचारा, आणि त्यांच्या आवाजातले अभंग आताच ध्वनिमुद्रित करून ठेवा.

प्रश्नकर्ता:
आपणा दोघांचे मनापासून आभार. गुरुवारी बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) फेरी आहे. फुफ्फुसांची तपासणी आणि पेग या दोन्ही गोष्टी लिहून नेतो. त्याआधी आज रात्री बाबांना आजाराचे नाव सांगेन.