मदत हवी: चिनी मातीची किटली, आकाराचं नाव काय? अर्जंट!

वाटसरू: शांघायला असतो. यीशिंगहून चिनी मातीची किटली आणलीये, दुकानदार म्हणाला 'शी-शी', ऑफिसातला एकजण म्हणतो शी-शी नाहीच. शनिवारी साहेबांच्या निरोपाला द्यायचीय, कार्डावर नाव लिहायचंय. लवकर सांगा प्लीज.

मुरलेलंलोणचं: सोडा टाकून उकळत्या पाण्याने धू. आजीच्या बरण्या अजून चकाचक आहेत.

गवतीचहा: अहो ताई, ती बरणीवाली चिनी माती नाही. यीशिंगची झीशा माती ती, वर ग्लेझ (काचेसारखा लेप) नसतो, सोडा साबण काहीही लावायचं नाही, नुसतं गरम पाणी. वाटसरू, फोटो?

वाटसरू: चढत नाहीये. किटलीसारखी किटली आहे हो, गोल, लालसर.

गवतीचहा: गोल तर निम्म्या असतात! शी-शीची तोटी आखूड, झाकण अंगातच मिसळल्यासारखं, कान उलटा लावल्यासारखा. जुन्या काळच्या एका सुंदरीचं नाव आहे ते. तुझं बूड कसंय? म्हणजे किटलीचं :)

वाटसरू: खाली रुंद वर निमुळती, कान त्रिकोणी, बुडाला तीन बुटके पाय

गवतीचहा: मग ही शी-प्याव. गोल म्हणे!

खडूसकाका: नुसतं शी-प्याव लिहू नका, 'मानशेंग शी-प्याव' लिहा. चेन मानशेंग (१७६८-१८२२) या अधिकाऱ्याने आकार ठरवले आणि यांग पेंगन्यानने घडवले, मानशेंगचे अठरा आकार प्रसिद्ध आहेत.

गवतीचहा: काका, न बघताच? किटल्या घडवणारे नामी कारागीर गू जिंगझोउ (१९१५-१९९६) यांची शी-प्याव वेगळी, आजच्या बऱ्याच तिच्यावरूनच घेतलेल्या. अंगावर अक्षरं कोरलेली असली तरी मानशेंगची ठरत नाही. कार्डावर शी-प्याव पुरे.

खडूसकाका: मी वीस वर्षं जमवतोय.

गवतीचहा: मग वीस वर्षं चुकताय

अमृततुल्यप्रेमी: पण यात आलं घालून दुधाचा चहा होतो का? किती कप बसतो?

गवतीचहा: दूध नको हो!! माती वास धरते. एका किटलीत शक्यतो एकाच जातीचा चहा करतात.

सासुरवाशीण: कोणी विचारलं नाही तरी सांगते, टेबलावर ठेवताना तोटी पाहुण्याकडे करू नका, चीनमध्ये वाईट दिसतं ते.

वाटसरू: थँक्स सगळ्यांना. एक राहिलं, झाकणाच्या गुंडीचा टवका उडालाय, बॅगेत आपटली. दुसऱ्या शी-प्यावचं झाकण बसेल ना?

गवतीचहा: झाकण आणि किटली जोडीने भाजतात, दुसरीचं नीट बसणार नाही. आणि हे आत्ता सांगतोयस??