अनुक्रमणिका अपडेट केली की फॉन्ट पुन्हा मूळपदावर

वर्डमध्ये अनुक्रमणिकेचा फॉन्ट बदलला, तरी ती अपडेट केली की तो परत जुना होतो. यावर ‘टीओसी १’, ‘टीओसी २’ या स्टाइल्सच (अनुक्रमणिकेतल्या पहिल्या, दुसऱ्या पातळीच्या ओळींची ठरवून ठेवलेली सजावट) बदलायच्या, हा नेहमी सांगितला जाणारा उपाय बरोबर. अनुक्रमणिका सिलेक्ट करून हाताने केलेली सजावट ‘अपडेट एन्टायर टेबल’ म्हटलं की धुऊन निघते. पण मजकूर मराठी असेल तर एवढ्याने भागत नाही. वर्डमध्ये एकाच स्टाइलच्या पोटात वेगवेगळ्या लिप्यांसाठी वेगवेगळे फॉन्ट असतात. आपल्या कामाचे दोन: एक लॅटिन (इंग्रजी) अक्षरांसाठी, दुसरा ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’साठी. देवनागरी या दुसऱ्या गटात मोडते, आणि दोन्हींचा आकारही वेगळा ठरवता येतो.

बहिणीच्या प्रबंधात मी एक अख्खी संध्याकाळ यात घालवली. स्टाइलमध्ये १४ आकार दिला, तर पानांचे इंग्रजी आकडे टम्म फुगले आणि प्रकरणांची नावं होती तिथेच, ११ वर. मला वाटलं फाइलच बिघडली! मग ‘मॉडिफाय स्टाइल’मधून फॉरमॅट, तिथून फॉन्ट उघडलं, तेव्हा खालचा कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्सचा रकाना दिसला. तिथे ‘कोकिला’ हा देवनागरी फॉन्ट आणि आकार भरला, अनुक्रमणिकेत क्लिक करून ती अपडेट करायला एफ ९ दाबलं, काम झालं. लिब्रेऑफिसवाल्यांनी ‘कंटेंट्स १’ स्टाइलमध्ये सीटीएल (कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट) फॉन्ट बघावा, भानगड तीच आहे. आणि कृपा करून प्रकरणाचं नाव आणि पान क्रमांक यांच्यामधली टिंबं टाइप करत बसू नका, त्यासाठी उजवा टॅब आणि लीडर (मधली जागा टिंबांनी आपोआप भरणारी सोय) असतो. बहिणीने चार पानं टिंबं हाताने मारली होती.